गोळी कधी बंद होणार? गर्द, सिरप आणि दुखण्याच्या गोळ्यांच्या व्यसनावर घरी राहून होणारे उपचार

नागपुरात ‘मेडिकल’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं भलंमोठं रुग्णालय, ज्याच्या नावाने आख्खा चौक ओळखला जातो. दुसरा म्हणजे औषधाचं कुठलंही दुकान. मी दुसऱ्या मेडिकलचा माणूस, पण दुकान पहिल्या मेडिकलच्या समोर. २२ वर्षं झाली.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी शटर वर केलं तर पायरीवर एक पोट्टा बसलेला. विशीतला, पायात चांगले बूट, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. पाऊस थांबून नुसता उकाडा होत होता आणि याच्या मानेवर काटा आलेला. बोलता बोलता तीन जांभया दिल्या. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. ट्यूबलाइटखाली उभा राहिला तरी बुबुळातला काळा ठिपका मोठाच. ‘भाऊ, जुलाब बंद व्हायची गोळी द्या, अंगदुखीची द्या, अन् झोपेचं काही असन तं तेही द्या.’ झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, हे सांगितलं. ओआरएसची पाकिटं दिली, जुलाबाची गोळी दिली आणि वर ‘व्हायरल सुरू आहे सगळीकडे’ असं निदानही करून टाकलं.

आठवड्याने त्याची आई आली. या काकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक, बीपीची गोळी दर महिन्याला इथूनच नेतात. हातात केसपेपर होता. मुलगा आधी सिरप आणि मग पावडर घेतो, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. व्यसनावरची मुख्य गोळी, ब्युप्रेनॉर्फिन, ओपीडीतूनच मिळत होती, माझ्याकडे त्या बद्धकोष्ठतेचं औषध घ्यायला आल्या होत्या. ‘डॉक्टर म्हणते वर्षभर तरी चालन. हे तं एक सोडलं अन् दुसरं धरलं झालं न, भाऊ? पंधरा दिवसांत अंग साफ करून देणारं कुठं आहे का?’

मागे पाच-सहा जण चिठ्ठ्या घेऊन उभे होते. जे सुचलं ते बोललो. नीट उत्तर द्यायचं तर जरा बसून द्यावं लागतं, ते हे.

सगळी एकाच कुळातली

अफूच्या बोंडाला चिरा पाडल्या की चीक येतो. तो वाळवला की अफू. या अफूत मॉर्फिन आणि कोडीन असतं. मॉर्फिनपासून हेरॉईन बनतं, आणि रस्त्यावर मिळणारं त्याचं भेसळीचं, तपकिरी रूप म्हणजे ब्राऊन शुगर किंवा गर्द. कोडीन खोकल्याच्या काही सिरपमध्ये असतं. ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल, पेंटाझोसिन ही कारखान्यात तयार होणारी वेदनाशामकं, पण मेंदूत काम करतात त्याच ठिकाणी. या सगळ्या गोतावळ्याला मिळून ओपिऑइड म्हणतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की ‘आमचा गर्द घेत नाही, फक्त सिरप पितो’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. बाटलीवर कंपनीचं लेबल आहे की पुडी पन्नीत बांधलेली आहे, हे मेंदूला वाचता येत नाही. उलट बाजूने हेही खरं, की दारू, गांजा, व्हाइटनर किंवा हल्ली ज्याची बातमी दर आठवड्याला येते ते एमडी (मेफेड्रोन), ही या कुळातली नाहीत. पुढे ज्या तीन औषधांबद्दल (मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, नाल्ट्रेक्सोन) लिहितोय ती एमडीच्या व्यसनावर चालत नाहीत. (नाल्ट्रेक्सोन तेवढं दारूसाठीही देतात, पण तो वेगळा विषय.)

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात वर्षभरात कुठलं तरी ओपिऑइड घेतलेले लोक सुमारे २.२६ कोटी निघाले आणि त्यातल्या साधारण ७७ लाख लोकांना उपचाराची गरज होती. माझ्या काउंटरवर यातली औषधं शेड्यूल एच-१ च्या वहीत जातात: डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव-पत्ता, औषध, संख्या, आणि वही तीन वर्षं सांभाळायची. ट्रॅमाडोल तर एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. नियम हवेतच. पण वही भरल्याने माणूस व्यसन सोडत नाही, दुकान बदलतो. काही जण दुकान सोडून पुडीकडे जातात.

जनरल डब्यातली जागा

मेंदूत या औषधांसाठी बसायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रेल्वेचा जनरल डबा डोळ्यांसमोर आणा. हेरॉईन हा असा प्रवासी, की नागपूरला धावत चढतो, धपकन बसतो, डबा डोक्यावर घेतो आणि पुढच्याच अजनी स्टेशनला उतरून जातो. जागा रिकामी पडली की ती भरण्यासाठी सगळं शरीर आरडाओरडा करतं. जांभया, गळणारं नाक, काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखी कळ, झोप नाही. गर्द ओढणारे याला ‘टर्की’ म्हणतात. दिवसातून तीन-चार वेळा हे होतं. व्यसन जुनं झाल्यावर माणूस मजेसाठी घेतच नसतो. टर्की लागू नये एवढ्यासाठी घेतो, आणि त्याच पैशांच्या मागे त्याचा दिवस जातो.

मेथाडोन याच जागेवर पूर्ण बसतं, पण गोंधळ न घालता, आणि उतरतं थेट मुंबईला. दिवसातून एकदा घेतलं की पुरतं. ब्युप्रेनॉर्फिन हा अंगाने किरकोळ पण महाहट्टी प्रवासी. जागा अर्धीच वापरतो, पण एकदा बसला की उठत नाही, आणि आधी कुणी बसलेला असेल तर त्याला ढकलून उठवतो. नाल्ट्रेक्सोन म्हणजे जागेवर ठेवलेली बॅग. बसलेलं कुणीच नाही, पण दुसऱ्यालाही बसता येत नाही.

एवढं ध्यानात राहिलं तर पुढचं सगळं त्यातून निघतं.

‘अंग साफ करून द्या’

काकूंना हवं होतं ते हे. डॉक्टरी भाषेत डिटॉक्स. नशा थांबवायची आणि टर्कीचे दिवस औषधांच्या आधाराने काढायचे. हेरॉईन बंद केल्यावर साधारण ८ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि आठवडा-दहा दिवसांत शरीराची कळ ओसरते. झोप मात्र त्यानंतरही बरेच दिवस रुसलेली असते. या काळात क्लोनिडीन देतात. मूळचं ते बीपीचं औषध, त्यामुळे घाम, धडधड, काटा कमी होतो, पण रक्तदाबही उतरतो, म्हणून ते मनाने घ्यायचं नाही. जोडीला जुलाबाची, उलटीची, अंगदुखीची औषधं. किंवा ब्युप्रेनॉर्फिनच देऊन ते थोड्या दिवसांत उतरवत आणतात. घरी मायेने बघणारं कुणी असेल, दुसरा मोठा आजार नसेल, तर हे सगळं ओपीडीतूनही होतं.

मग अडचण कुठे आहे? अकराव्या दिवशी.

शरीर साफ झालेलं असतं, घरात गोड केलेलं असतं आणि मेंदूतल्या जागा रिकाम्या असतात. पोरगा त्याच गल्लीत परत येतो. स्वीडनमध्ये ४० जणांवर झालेली एक चाचणी २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. निम्म्यांना रोज ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या निम्म्यांना सहा दिवसांत ते उतरवून पुढे औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली. समुपदेशन दोघांनाही सारखंच. वर्षाअखेर औषध चालू असलेल्यांपैकी ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही. आणि त्या दुसऱ्या गटातल्या २० पैकी ४ जण वर्षभरात मेले होते.

मृत्यूचं एक कारण समजून घ्यायला हवं, कारण हे घरच्यांना कुणी सांगत नाही. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. दहा-पंधरा दिवस बंद राहिल्यावर ती सवय मोडते. माणसाला मात्र जुनी मात्राच आठवत असते. तो तेवढीच घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यावर, केंद्रातून घरी आल्यावर, गावी महिनाभर राहून परतल्यावर म्हणूनच धोका जास्त असतो. माझं मत विचाराल तर, पुढच्या औषधाची सोय न करता केलेलं नुसतं डिटॉक्स म्हणजे पोराला पोहायला न शिकवता अंबाझरी तलावातून बाहेर काढून परत काठावरच उभं करणं.

जिभेखाली आठ मिनिटं

ब्युप्रेनॉर्फिन कसं देतात ते मी एकदा बाहेरगावच्या एका केंद्रात बघितलं. खिडकीत सिस्टरने गोळी चुरली आणि पूड त्या माणसाच्या जिभेखाली टाकली. तो जाऊन बाकावर बसला. बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. शेजारी आणखी तिघं तसेच, तोंडं मिटून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. रोज बोलबोल करणारी ही माणसं त्या बाकावर शाळेत शिक्षा झाल्यासारखी गप्प होती. आठेक मिनिटांनी सिस्टरने प्रत्येकाला तोंड उघडून जीभ वर करायला लावली, आणि जा म्हणाली. गोळी गिळली तर बराचसा भाग यकृतातच वाया जातो, म्हणून ती जिभेखालीच विरघळवायची. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि दात तासाभराने घासायचे, कारण या गोळीने दात खराब झाल्याच्या तक्रारी आहेत.

डोस माणसागणिक बदलतो, सामान्यतः दिवसाला ८ ते १६ मिलीग्रॅमच्या आसपास स्थिरावतो. पुष्कळदा गोळीत नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडवरचा उतारा, मिसळलेलं असतं, चारास एक या प्रमाणात. जिभेखाली त्या नॅलोक्सोनचं काहीच चालत नाही. कुणी गोळी विरघळवून सुईने टोचली तर मात्र ते जागं होतं आणि टर्की आणतं. चोराला पकडायला गोळीतच बसवलेला पहारेकरी.

याची मोठी जमेची बाजू अशी, की एका मर्यादेपलीकडे डोस वाढवला तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे एकट्या या गोळीने श्वास बंद पडण्याची भीती कमी. ‘एकट्या’ हा शब्द महत्त्वाचा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या जोडीला आल्या की हे कवच राहत नाही. म्हणून त्या सकाळी मी झोपेची गोळी दिली नाही, हे त्यातल्या त्यात एक बरं केलं.

अडचण सुरुवातीची. हा हट्टी प्रवासी बसलेल्याला उठवतो, हे वर लिहिलंय. शरीरात हेरॉईन ताजं असताना पहिली गोळी घेतली तर ते सगळं एका झटक्यात ढकललं जातं आणि भयंकर टर्की लागते. मग ‘त्या गोळीनेच मला मारलं’ असं म्हणून पेशंट जातो तो परत येत नाही. यासाठी शेवटच्या नशेनंतर किमान १२ तास थांबून, टर्की चांगली सुरू झाल्यावरच पहिला डोस देतात.

देशात नॅको, म्हणजे एड्स नियंत्रणाची राष्ट्रीय संस्था, मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी अशी केंद्रं चालवते. सुई वाटून घेतल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतो, तो थांबवणं हा तिथला मूळ हेतू. रोज यायचं, समोर गोळी घ्यायची, ही तिथली पद्धत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला सुरुवात झाली. आमच्यासारख्या साध्या दुकानात ही गोळी मिळत नाही, आणि मिळू नये असंच मला वाटतं, धंद्याचं नुकसान धरूनही.

उरलेली दोन

मेथाडोन हे यातलं सगळ्यात जुनं. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात त्याचा वापर सुरू झाला. पिण्याचं पातळ औषध, रोज एकदा, बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याच्या समोर. पेशंटला उपचारात टिकवून ठेवण्यात ते ब्युप्रेनॉर्फिनपेक्षा थोडं सरस ठरतं, विशेषतः ज्यांचं व्यसन फार जुनं आणि मात्रा मोठी आहे त्यांच्यात. पण याला वरची मर्यादा नाही. डोस चुकून जास्त झाला तर श्वास थांबू शकतो, सुरुवातीचे आठवडे तर फारच जपावं लागतं. हृदयाच्या ठोक्यांची लयही बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढतात. भारतात २०१२ मध्ये ते प्रायोगिक पातळीवर आलं आणि आजही मोजक्या सरकारी केंद्रांपुरतंच आहे. त्यामुळे नागपूरच्या माणसासमोर खरी निवड बहुधा ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन यांतलीच असते.

नाल्ट्रेक्सोन काकूंना ऐकताक्षणी आवडलं असतं. नशा नाही, सवय लागत नाही, बंद केलं तर टर्की नाही, कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ साध्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकतो. ५० मिलीग्रॅमची गोळी रोज. ती घेतल्यावर कुणी गर्द ओढलंच तर काही होत नाही, पैसे वाया. कागदावर यासारखं औषध नाही.

पण बॅग ठेवायला जागा आधी रिकामी लागते. सुरू करण्यापूर्वी सात ते दहा दिवस शरीरात एकही ओपिऑइड नको, नाहीतर टर्की. म्हणजे डिटॉक्स पूर्ण व्हायलाच हवं, आणि तिथेच पुष्कळ माणसं गळतात. शिवाय ही गोळी न घेतल्याचा काही त्रास होत नाही, म्हणून ती सोडणं फार सोपं. सकाळी घेतली नाही तर संध्याकाळी-उद्या रस्ता मोकळा. अमेरिकेत याचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. ते आणि ब्युप्रेनॉर्फिन यांची तुलना ५७० जणांवर केली गेली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ब्युप्रेनॉर्फिन ९४ टक्के लोकांना सुरू करता आलं, इंजेक्शन ७२ टक्क्यांनाच. ज्यांना सुरू करता आलं त्यांच्यात पुढे दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. म्हणजे औषध हलकं नाही, त्याचा उंबरठा उंच आहे. आणि ही तुलना इंजेक्शनची होती. आपल्याकडे मिळते ती मुख्यतः रोजची गोळी, तिथे विसरण्याची आणि लपवण्याची सोय रोज नव्याने असते.

नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याने यकृताची तपासणी करून घ्यायची आणि खिशात तशी चिठ्ठी ठेवायची. उद्या अपघात झाला तर नेहमीची जोरकस वेदनाशामकं त्याच्यावर चालणार नाहीत, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कळायला हवं.

इंटरनेटवर वाचून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथलं बरंचसं लिखाण अमेरिकेचं असतं. तिथे मेथाडोन फक्त परवानाधारक केंद्रांत मिळतं, ब्युप्रेनॉर्फिनसाठी डॉक्टरांना लागणारी खास परवानगी २०२२ च्या शेवटी रद्द झाली, महिन्याची इंजेक्शनं आहेत, नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा दुकानात मिळतो. ते वाचून इथे येऊन भांडू नका. इथली यादी छोटी आहे, पण त्या यादीतली दोन औषधं, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन, जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून अत्यावश्यक औषधांत धरलेली आहेत.

मग कुणाला काय?

यातलं ‘भारी’ कुठलं, असं लोक विचारतात, सलाईन भारी की इंजेक्शन या चालीवर. खरं तर औषध निवडताना बघायचा असतो तो माणसाचा दिवस.

कळमन्याच्या मार्केटात पहाटे चारला हमालीला उभा राहणारा माणूस घ्या. वेदनाशामक गोळ्यांवर गाडी ढकलत आलेला. त्याला सकाळी दहाच्या ओपीडीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या एम्सपर्यंत, रोज जायला सांगणं म्हणजे रोजची मजुरी बुडवायला सांगणं. त्याला जवळचं ठिकाण, आठवड्याच्या गोळ्या आणि त्या गोळ्या सांभाळणारी बायको किंवा भाऊ असेल तर ब्युप्रेनॉर्फिन जमतं. घरात कुणी नसेल, खोलीत सगळे पिणारेच असतील, तर रोज समोर घ्यायची कटकटच त्याला वाचवते. बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी असलेला, व्यसन वर्षभराच्या आतलं, आई-बाप रोज सकाळी चहासोबत गोळी हातावर ठेवणारे, असा मुलगा नाल्ट्रेक्सोनवर चांगला राहू शकतो. सुईने घेणारा, चार वेळा सोडून पाच वेळा धरलेला माणूस नाल्ट्रेक्सोनवर टाकणं मला धाडसाचं वाटतं. अर्थात निर्णय डॉक्टरचा. मी फक्त गोळ्या मोजणारा.

गरोदर बाईचा मामला वेगळा. तिने एकदम बंद करायचं नाही, त्यात बाळालाही धोका असतो. तिच्यासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली. आणि काही जणांना ॲडमिट व्हावंच लागतं: सोबत दारूचं जबर व्यसन असेल, झोपेच्या गोळ्यांचा मोठा डोस असेल, फिट येत असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील, किंवा घरच नसेल.

मराठी माणसाच्या डोक्यात व्यसनमुक्ती म्हटलं की ॲडमिट होणंच येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, तिथून बाहेर पडून उभी राहिलेली माणसं आपण पाहिली, ऐकली, त्यामुळे ते चित्र पक्कं बसलंय. चांगलंच आहे ते. फक्त ते एकच दार नाही. घरी राहून, कामावर जात, औषध घेत, आठवड्याला समुपदेशकाशी बोलत आणि जमलं तर नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभेत बसत बरं होणारे लोक दिसत नाहीत, कारण ते आपल्यासोबत बसस्टॉपवर उभे असतात. समुपदेशन नको असं कुणी म्हणत नाही. कुणाला भेटलं की तलफ येते, पगाराच्या दिवशी काय करायचं, बायकोचा विश्वास परत कसा मिळवायचा, हे गोळी सांगत नाही. पण ‘आधी मनाने सोड, मग औषध देऊ’ हा क्रम उलटा आहे. टर्कीत असलेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही.

आणि जिथे ‘गॅरंटी’ देतात, साखळीने बांधतात, मारतात, अशा ठिकाणी पोराला सोडून येऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि अशी वागणूक देणं त्या कायद्याविरुद्ध आहे.

काकूंचा प्रश्न

‘एक सोडलं अन् दुसरं धरलं’ याला मी त्या दिवशी म्हणालो, ‘काकू, बीपीची गोळी कधी बंद होणार, हे तुम्ही मला दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.’ त्यांना ते पटलं नाही. ‘ते तं बीपी आहे न,’ म्हणाल्या. बरोबरच आहे, बीपीसाठी कुणी घरातली भांडी विकत नाही.

फरक भांड्यांचाच आहे. ब्युप्रेनॉर्फिनची शरीराला सवय असते, हे खरं. अचानक बंद केलं तर टर्की लागेल, हेही खरं. पण व्यसन म्हणजे नुसती सवय नाही. व्यसन म्हणजे ती गोष्ट मिळवण्यासाठी बाकी सगळं जाळणं. नीट डोसवर असलेल्या माणसाला नशा चढत नाही. तो कामावर जातो, जेवतो, झोपतो, मोबाइल गहाण टाकत नाही. मेथाडोनवरच्या लोकांची अनेक देशांतली माहिती एकत्र करून २०१७ मध्ये मांडली गेली. उपचार चालू असताना वर्षाला दर हजारी ११ मृत्यू, आणि उपचार सुटल्यावर ३६.

बंद कधी, याला कॅलेंडर नाही. वर्षभर तरी स्थिर राहावं, मग काम, घर, झोप सगळं जागेवर असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने थोडं थोडं उतरवत जायचं. मध्येच तलफ वाढली तर परत पायरीभर वर. काही जण दोन वर्षांत सुटतात, काही जण कित्येक वर्षं घेतात.

पहिल्या दिवशी

नागपुरात मेडिकल, मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, या सगळ्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. मनोरुग्णालयाच्या फाटकातून शिरायला लाज वाटत असेल तर मेडिकल किंवा मेयोच्या गर्दीत कुणी ओळखत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. तिथे विचारायचं ते नेमकं विचारा: इथे ब्युप्रेनॉर्फिन मिळतं का, रोज यावं लागेल की आठवड्याचं देता, नसेल तर जवळ कुठे मिळेल.

पोलिसांची भीती बऱ्याच घरांना असते. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ सांगतं, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणातल्या मालाबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर ही सवलत जाऊ शकते. विकणाऱ्याला ती नाही.

जाताना रिकामी स्ट्रिप, सिरपची बाटली, जे सापडेल ते पिशवीत घाला. ‘पांढरी गोळी’ एवढ्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाही, आणि हेरॉईन, कोडीन, ट्रॅमाडोल यांचा हिशेब वेगळा असतो. सुईने घेत असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणी त्याच फेरीत मागून घ्या. मिळालेल्या गोळ्या घरी कुलपात ठेवा. मोठ्याला औषध असलेली एक गोळी लहान मुलाचा जीव घेऊ शकते. कधी माणूस उठत नसेल, ओठ निळे, श्वास घरघरत किंवा अगदी मंद, बुबुळाचा ठिपका टाचणीएवढा, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते लपवू नका. नॅलोक्सोनचं इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणू शकतं, पण ते वेळेत मिळायला हवं.

डबा आणि पाण्याची बाटली न्या, पहिल्या दिवशी दुपार होते. आणि आदल्या रात्रीपासून जांभया, गळणारं नाक, काटा, पोटात मुरडा सुरू झाला असेल, तर ‘एवढं एकदा घेतो आणि मग जातो’ असं करू नका. ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायला डॉक्टरला नेमकी तीच अवस्था लागते. माझ्या पायरीवर बसलेला पोट्टा त्या सकाळी त्याच अवस्थेत होता, आणि ओपीडी रस्त्याच्या पलीकडे होती.